मे महिन्यातले लोकरी मोजे

वसू, तुला सगळ्यांनी मिळून सोडवून टाकलंय. काल तेराव्याला आलेल्या एकूण एक माणसानं मला हेच ऐकवलं, "सुटली बिचारी." आणि मग आवाज खाली आणून, "सुनंदा, तूही सुटलीस गं." तुझी आत्येबहीण तर श्रीखंड चाटत म्हणाली, "नणंदेचं एवढं हल्ली कोण करतं? धन्य आहे बाई तुझी." मी तेव्हा ताटं उचलत होते. एक ताट तिच्या डोक्यात घालावं असं फार वाटलं. तू असतीस तर तुझ्या त्या कोरड्या आवाजात म्हणाली असतीस, "वहिनी, आधी खरकटं काढा, मग घाला."

 त्यांचं कौतुक मुकाट्यानं गिळलं. ते का गिळलं आणि ते अजून घशात का अडकलंय, तेच सांगायला बसलेय. घरात आज कोणी नाही, त्यामुळे मला मध्येच तोडणारंही कोणी नाही.

तुझा दादा जाऊन पाच वर्षं झाली. आम्हाला मूलबाळ नाही, तुझं लग्न नाही. बिबवेवाडीतल्या या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, राहिलो आपण दोघी. आपल्यात रक्ताचं काही नव्हतं. एका माणसामुळे जोडलेलं नातं आणि तो माणूसच निघून गेलेला. त्यात तुझा तो आजार. मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव मला तीन महिने नीट उच्चारता येत नव्हतं. तू आपली खुशाल 'एमएस' म्हणायचीस, शेजारच्या बाईला हाक मारावी तशी. डॉक्टरांनी दादाला समजावलं होतं की वायरवरचं प्लास्टिक उंदरानं कुरतडावं तसं नसांवरचं आवरण कुरतडलं जातं, मग निरोप पोचत नाहीत. ते मला पटलं. पाय लटपटतो, डोळ्याला एकाचे दोन दिसतात, हे सगळं पटलं. पटले नाहीत ते तुझे गार पाय.

मी अमरावतीची. तिथल्या उन्हात वाढलेली. मे महिन्यात पंख्याखाली मी घामानं निथळतेय आणि तू समोर शाल पांघरून, लोकरीचे मोजे घालून बसलीयेस, हे बघून माझं डोकं सणकायचं. मी पंखा पाचवर करायची, तू काठीनं बटण दाबून तो दोनवर आणायचीस. "अगं, चाळीस डिग्री आहे बाहेर!" "बाहेर असेल. माझ्या पायात डिसेंबर आहे." एकदा चिडून तुझा मोजा ओढून काढला, तर बोटं पांढरीफटक, टोकाला जांभळी. हात लावला तर फ्रीजमधून काढलेल्या काकडीसारखी. तरीही मी म्हणाले, "हालचाल नको करायला, मग असंच होणार." बालवाडीत तीस वर्षं मुलांना 'रडू नको, काही झालेलं नाही' असं सांगून माझी जीभच तशी वळली होती. तू नेहमी म्हणायचीस, "वहिनी, मी मोठ्या गटातसुद्धा नाही हो आता."

आणि एकट्या पायांचं असतं तर गोष्ट वेगळी. तुला तहान लागायची नाही. सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच. उठून उभी राहिलीस की डोळ्यांपुढे अंधारी. मी स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी दिली की तुला आतल्या खोलीत हिंगानं मळमळायचं. दुसऱ्याला जी गोळी अख्खी लागते ती तुला पाव घेतली तरी दिवसभर गुंगी. आणि पाय ऊब धरेपर्यंत झोप नाही. या सगळ्याला माझ्याकडे एकच शब्द होता, नखरे. तोंडावर म्हटलं असेल दोन-चारदा. मनात तर रोज म्हणायची.

सदाशिव पेठेतल्या त्या डॉक्टरीणबाई आठवतात? लहानखुऱ्या, चष्मा कपाळावर. दादाला जाऊन वर्ष झालं होतं तेव्हा. त्यांनी आधी तुझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मग एकेक विचारत गेल्या. हातपाय गार पडतात का? झोप लागायला वेळ लागतो का, की पाय गरम झाल्यावर लागते? वास जास्त येतात का? औषध थोडं घेतलं तरी जास्त होतं का? तू प्रत्येक वेळी "हो" म्हणत होतीस आणि मी शेजारच्या खुर्चीत बारीक होत होते. माझी नखऱ्यांची यादी त्या बाईंना कोणी दिली, हेच मला कळेना. शेवटी त्यांनी विचारलं, "तहान लागते?" तू म्हणालीस, "आठवण ठेवली तर लागते." त्या हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे मनाचे खेळ नाहीत हं. हिच्या रक्तवाहिन्या वेळेवर आकसत नाहीत आणि वेळेवर सैल होत नाहीत. या आजाराच्या बऱ्याच लोकांमध्ये असं दिसतं. कशामुळे काय होतं हे सगळं अजून आम्हालाही उलगडलेलं नाही. मोजे, कोमट पाणी, घड्याळ लावून पाणी पिणं, उठताना सावकाश. आणि एक लक्षात ठेवा, ऊब द्या, पण फार तापवू नका. जास्त उष्णता झाली की हिच्या नसा कामच थांबवतील."

जिना उतरताना मी धुसफुसत होते, "थंडी सोसत नाही आणि उष्णता चालत नाही. मग माणसानं जायचं कुठे?" तू एक एक पायरी मोजत उतरत होतीस. म्हणालीस, "हेच तर मी कधीची विचारतेय."

तुला सॉरी म्हणायला हवं होतं त्या जिन्यात. म्हटलं नाही. खाली उतरल्यावर उसाचा रस पाजला, तोही 'बिनबर्फाचा द्या' असं रसवाल्याला ओरडून सांगून. आपल्या घरात माफी अशीच मागतात. तू अर्धा ग्लास प्यायलीस आणि उरलेला मला दिलास.

त्यानंतर मी शहाण्यासारखी वागले, असं लोकांना वाटतं. पण गेल्याच्या गेल्या दिवाळीत मी जे केलं ते कोणाला माहीत नाही. अर्धंमुर्धं माहीत आहे ते सोसायटीतल्या चार बाप्यांना, आणि त्यांना वाटतं त्यांनी तुला वाचवलं.

नरकचतुर्दशीची पहाट. दादाच्या माघारी दिवाळीत राम नव्हता, पण त्या वर्षी मी ठरवलं होतं की सगळं साग्रसंगीत करायचं. तुला पाटावर बसवून तेल लावलं, उटणं लावलं. तळपायाला तेल चोळताना तुझे पाय फार गार लागले. मनात आलं, एक दिवस, फक्त एक दिवस हिला चांगलं शेकून काढू. गिझर पूर्ण तापवला आणि वर गॅसवरचं पातेलंही बादलीत ओतलं. तू बोट बुडवलंस आणि म्हणालीस, "वहिनी, कोमट." मी म्हणाले, "दिवाळीला कधी कोणी कोमट पाण्यानं न्हातं का? आज सूर्य उगवायच्या आत कढत पाण्यानं नाही न्हालं तर माणूस नरकात जातो." तू म्हणालीस, "बरं होईल. तिथे निदान पाय तरी शेकतील." पण न्हालीस. माझं मन राखलंस. आत गेलीस आणि नेहमीसारखी कडी लावलीस.

मी फराळाची ताटं मांडली. चकल्या, चिवडा, तुझ्यासाठी बिनहिंगाचा. पाणी ओतल्याचा आवाज थांबून बराच वेळ झाला. हाक मारली. तू शांतपणे आतून म्हणालीस, "स्टुलावर बसलेय. पाय गेलेत. घाबरू नका, येतील परत. गार पाण्याचा नळ सोडलाय, पायांवर घेतेय. दहा मिनिटं द्या."

दहा मिनिटं. एवढंच मागितलं होतंस. तुझ्या शरीराचं तुला कळत होतं. पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी कढत पाणी ओतलं होतं, मी, स्वतःच्या हातानं, डॉक्टरांनी बजावलेलं असताना. मी दार बडवायला लागले. जिन्यात जाऊन ओरडले. नवे कपडे घातलेले, कपाळाला टिळे लावलेले सोसायटीचे चार पुरुष आले. तू आतून ओरडत होतीस, "वहिनी, कोणाला आणू नका! मी उभी राहतेय!" आणि मी त्यांना म्हणत होते, "तोडा, तोडा." दुसऱ्या धक्क्यात कडी निघाली. तू भिंतीला धरून उभी होतीस, वसू. खरोखरच उभी होतीस. एक हात कडीकडे नेत होतीस. अंगावर काही नव्हतं.

समोरचे पाटील अजून जिन्यात भेटले की "त्या दिवशी वेळेवर आलो म्हणून बरं" म्हणतात. मी मान डोलावते.

त्यानंतर सुतारानं दार बसवलं, पण मी त्याला कडी लावू दिली नाही. वर्षभर आपलं तेच भांडण. "वहिनी, कडी." "नको." "मला कडी हवीय." "आणि पुन्हा पडलीस तर?" "मी पडले नव्हते." मग तू दार नुसतं लोटून अंघोळ करायचीस आणि मी बाहेर स्टूल टाकून वाटाणे सोलत बसायची. तू आतून विचारायचीस, "आहात?" मी "आहे" म्हणायची. "मग जा की." मी जायची नाही. ते भांडण तसंच राहिलं. दाराला चार भोकं आहेत, कडी अजून नाही. आता कोणासाठी बसवू?

खरं सांगू, मलाही या घरात कोंडल्यासारखं झालं होतं. चार वर्षांत अमरावतीला गेले नाही. भाच्याचं लग्न फोनवर पाहिलं. ते बघून झाल्यावर मी भांडी आपटत म्हणाले होते, "तुझ्यामुळे माझा जन्म या तीन खोल्यांत चालला." तू जेवत होतीस. घास तोंडात होता. तो गिळलास, हात धुतलेस आणि आत गेलीस. त्या दिवशी भांडणसुद्धा केलं नाहीस माझ्याशी.

आणि मग गेल्या वर्षीच्या जानेवारीत एके दिवशी टेबलावर कागद पसरून मला हाक मारलीस. आर्किटेक्टच्या ऑफिसात पंचवीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढलेस, हा पहिला स्वतःसाठी होता. कोथरूडला तुझ्या ऑफिसातल्या माधवीच्या फ्लॅटला लागून तळमजल्यावरची खोली. ती तिचीच, रिकामी पडलेली. तू सगळं मोजून आली होतीस. दार एवढं रुंद, उंबरा काढून टाकायचा, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा, बाथरूममध्ये दोन दांडे. आणि दाराला कडी, बाहेरून नाण्यानं फिरवली तरी उघडेल अशी. "वहिनी, तुम्ही मोकळ्या. मी मोकळी. रविवारी जेवायला या." तुझे डोळे किती चमकत होते. इतकी वर्षं मला तू शाल पांघरलेलीच आठवतेस, त्या दिवशी शाल खुर्चीवर पडली होती.

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? सुटका चालत दारात आली होती. आणि मी म्हणाले, "थंडी सरू दे. थंडीत तुझे हाल होतील." थंडी सरल्यावर म्हणाले, "आता उन्हाळा तोंडावर आलाय, उन्हात तुझे पाय जातात." तू म्हणालीस, "वहिनी, वर्षात तिसरा ऋतू कोणता ते सांगा, म्हणजे टेम्पो तेव्हाचा ठरवते."

पुढचं मी तुला कधी सांगितलं नाही. मार्चमध्ये माधवीचा मला फोन आला. तू आत झोपली होतीस. ती म्हणाली, "वहिनी, मी दिवसभर ऑफिसात असते. खरं सांगा, तिला एकटीला जमेल ना?" मी गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊन बोलले. खोटं एक अक्षर बोलले नाही. म्हणाले, ती पाणी प्यायला विसरते. उठली की अंधारी येते. पायाला चटका बसला तरी तिला कळत नाही. दिवाळीत बाथरूममध्ये अडकली, दार तोडावं लागलं. उद्या काही झालं तर, माधवी, तुझ्या डोक्याला ताप. सगळं खरं. मोबाइलवर आठ गजर लावून तू पाणी पितेस, हे सांगितलं नाही. अंधारी यायच्या आधी तुला कळतं आणि तू खाली बसतेस, हे सांगितलं नाही. दिवाळीत पाणी कोणी तापवलं होतं, तेही नाही.

आठ दिवसांनी माधवीनं तुला कळवलं की तिचा भाचा शिकायला येतोय, खोली त्याला द्यावी लागणार. तू "बरं" म्हणालीस आणि नकाशाची गुंडाळी करून कपाटावर ठेवलीस. त्या संध्याकाळी मी साबुदाण्याची खिचडी केली, तुला आवडते तशी, दाण्याचं कूट जास्त घालून. "आज काय विशेष?" तू विचारलंस. "काही नाही, साबुदाणा भिजवलेला होता," मी म्हणाले.

कशासाठी केलं मी हे? तुझ्या काळजीनं केलं, असं मी स्वतःला वर्षभर सांगितलं. घोकून घोकून सांगितलं. पण रात्री-बेरात्री, दुपारी, भाजी निवडताना कधीही मनात यायचं की सुनंदाबाई, तुम्हाला ती जायला नको होती, बस्स. आजारी असो, चिडकी असो, पंख्यावरून भांडणारी असो. ती खोली रिकामी झाली असती तर मी कोणावर ओरडले असते?

या जानेवारीत तुला साधा सर्दी-खोकला झाला आणि चार दिवसांत न्यूमोनिया. हॉस्पिटलात सहाव्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी तुझे पाय चोळायला गेले, तर पाय गरम! चांगले ऊबदार, गुलाबी. मी वेड्यासारखी सिस्टरकडे धावले, "अहो, हिचे पाय गरम आहेत, बघा तरी!" इतक्या वर्षांत पहिल्यांदा.  ती बिचारी हळूच म्हणाली, "मावशी, एकशे तीन ताप आहे त्यांना." तरी मी तुझ्या पायांवरचा हात काढला नाही. मला ती ऊब सोडवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

आता काल काय झालं ते ऐक. सगळी पांगल्यावर माधवी मागे राहिली. भांडी विसळायला लागली. मला वाटलं, आता सांगून टाकावं, निदान हिला तरी. मी म्हणाले, "माधवी, तो तुझा फोन..." तिनं नळ बंद केला. म्हणाली, "वहिनी, वसूला माहीत होतं." भाचा-बिचा कोणी नव्हताच. तिलाच राहवलं नाही आणि पंधरा दिवसांत तिनं तुला सगळं सांगून टाकलं. फोन, मी काय बोलले ते, सगळं. वर म्हणाली, खोली अजून रिकामी आहे, तू ये, आपण बघून घेऊ.

आणि तू काय म्हणालीस, तेही तिनं सांगितलं. "राहू दे माधवी. मी तिकडे आले तर वहिनी जेवायच्या नाहीत. दादा गेला तेव्हा बघितलंय मी. एकटीला पान वाढून घेत नाहीत त्या."

खरंय. दादा गेल्यावर महिनाभर मी चहावर होते. तूच "मला भूक लागलीय" म्हणून मला पाटावर बसवायचीस. तुला तर भूकही फारशी लागायची नाही, आणि मला ते कधी सुचलंच नाही.

दहा महिने, वसू. दहा महिने तू सगळं माहीत असून रोज माझ्यासमोर जेवायला बसलीस. आमटीत मीठ कमी आहे म्हणालीस, कडीवरून भांडलीस, पंखा दोनवर आणलास, आणि यातला चकार शब्द बोलली नाहीस. मी मात्र रोज धास्तीत, आज हिला कळेल, उद्या हिला कळेल. आता कोणाच्या पाया पडू? रागावू म्हटलं तर तू नाहीस. माफी मागू म्हटलं तर ती तू केव्हाच देऊन मोकळी झालीस, माझ्या नकळत, आणि मी तशीच आत राहिले. माफ केलं होतंस तर एकदा तोंडानं सांगायचं तरी होतंस गं.